गाडी कुणाच्या नावावर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: अंबाजोगाईच्या एका शिक्षिकेनं लिहिलंय. वय ५१. यजमानांचं कृषी सेवा केंद्र आहे. फेब्रुवारीत त्या दोघी जावा आणि दोघे भाऊ असे चौघं १६ दिवसांसाठी न्यूझीलंडला निघालेत. टूर कंपनीबरोबर न जाता तिथं गाडी भाड्यानं घेऊन स्वतः फिरायचं ठरलंय. दिरांचं म्हणणं असं की, गाडी एकट्या मोठ्या भावाच्या, म्हणजे बाईंच्या यजमानांच्या, नावावर घ्यायची म्हणजे दुसऱ्या ड्रायव्हरचे पैसे वाचतील, आणि चालवायची मात्र दोघांनी आलटून पालटून. इंटरनॅशनल लायसन्स एक वेबसाइट दोन दिवसांत घरपोच देते. जादा विमा दोघाही भावांना नको, कारण प्रवासाचा विमा काढलेलाच आहे. यजमान म्हणतात, “कशाला घाबरायलीस? तीस वर्षं झाली गाडी चालवायलोय.” त्यांचं लायसन्स जुनं, पुस्तकासारखं आहे आणि क्रेडिट कार्ड त्यांच्याकडे नाही, ते बाईंकडे आहे. बाईंना यातलं काही पटत नाही, पण दिरांना गाडीला हात लावू नका असं सांगायचं कसं? त्या लिहितात, “मी रोज स्वतः गाडीनं केजच्या शाळेत जाते, त्यामुळे रस्त्याची भीती नाही. भीती वेगळीच आहे, ती सांगता येत नाही. मी उगीच शंका काढतेय का? की गाडीचा नाद सोडून टूरबरोबर जावं?”

ताई,

तुम्ही उगीच शंका काढत नाही. तुम्हाला जी भीती शब्दांत धरता येत नाही, ती माझ्या मते अशी आहे: परक्या देशात काही घडलं तर निस्तरायचं कुणी, हे घरात कुणीच ठरवलेलं नाही. आणि न ठरवलेली गोष्ट शेवटी घरातल्या बाईच्या अंगावर येते, हा तुमचा अनुभव असणार.

पण दिरांवर रागावू नका. त्यांचा हिशेब चुकीचा असला तरी तो कुठून आलाय ते बघा. आपल्याकडे गाडीची किल्ली खुंटीला असते. लग्न असो, दवाखाना असो, ज्याला यायला लागली तो घेऊन जातो. आणि आपला विमाही त्याला आडवा येत नाही. आपल्या मोटार पॉलिसीत ड्रायव्हरबद्दलचं कलम साधारण असं असतं की, मालकाच्या परवानगीनं, वैध लायसन्स असलेल्या कुणीही गाडी चालवली तरी चालेल. म्हणजे तुमच्या यजमानांची गाडी दिरांनी नेली आणि ठोकली, तरी क्लेम मिळतो. आयुष्यभर हेच पाहिलेल्या माणसाला ‘नाव एकाचं, हात दोघांचे’ यात वावगं वाटणार नाही.

भाड्याच्या गाडीचं उलटं असतं. तिथं करार ठरावीक माणसाशी होतो. कागदावर ज्याचं नाव आहे त्यानंच स्टिअरिंग धरायचं. दुसऱ्यानं धरलं आणि काही झालं, तर त्या क्षणापुरता तुमचा विमा नाही असंच समजायचं.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही स्कॉटलंडमध्ये गाडी घेतली होती. बरोबर २२ वर्षांचा भाचा होता. पंचविशीच्या आतल्या ड्रायव्हरला बहुतेक ठिकाणी रोजचा वेगळा आकार पडतो, म्हणून आम्ही त्याचं नाव घातलं नाही. विमा मात्र सगळ्यात महागातला घेतला होता, त्या भरवशावर निर्धास्त होतो. तिसऱ्या दिवशी एका तळ्याकाठी त्यानं हौसेनं गाडी मागे घेतली आणि दगडी भिंतीला लावली. बंपर, दिवा, मागचा दरवाजा. फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, गाडी कोण चालवत होतं? आम्ही खरं लिहिलं. मग तो महागातला विमा गेला आणि लाखाच्या वरचं बिल आम्ही भरलं. कंपनीची चूक काहीच नव्हती, सगळं करारात लिहिलेलं होतं. पैसे पुढं फिटले. भाचा मात्र नंतरच्या दोन दिवाळ्या आमच्याकडे आला नाही. त्याला कुणी एका शब्दानंही बोललं नव्हतं, तरी आला नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाची मांडणीच मला बदलावीशी वाटते. दिरांना गाडी चालवू नका असं कसं सांगू, असं तुम्ही विचारता. तसं सांगायचंच नाही. ते चालवणार असतील तर त्यांचं नाव कागदावर घालायचं, एवढंच सांगायचं. “भाऊजी, तुम्ही चालवणारच आहात, मग तुमचं नाव नको का? त्याचे पैसे मी भरते.” यात अविश्वास कुठं आहे? नाव वगळण्यातच खरं तर त्यांचा कमीपणा आहे. जादा ड्रायव्हरसाठी काही कंपन्या दिवसाला पैसे घेतात, काही घेतही नाहीत. बुकिंगआधी विचारलं की कळतं. ही गोष्ट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. चौघं जेवायला बसाल तेव्हा समोरासमोर बोला. भीड ही भिकेची बहीण असं आपल्या आज्या म्हणायच्या, ते अशाच वेळेसाठी.

आता लायसन्स. न्यूझीलंडमध्ये पर्यटकाला आपल्या देशाच्या वैध लायसन्सवर गाडी चालवता येते, पण ते इंग्रजीत हवं. नसेल तर मान्यताप्राप्त भाषांतर किंवा इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट बरोबर लागतं, आणि गाडी चालवताना लायसन्स कायम जवळ असावं लागतं. तुमचं स्मार्ट कार्ड असेल तर त्यावरचा मजकूर इंग्रजीत आहेच. यजमानांचं पुस्तक मात्र आज काढून त्यावरची मुदत वाचा. पन्नाशी ओलांडलेल्यांचं लायसन्स थोड्या थोड्या वर्षांच्या मुदतीनं मिळतं आणि ती कधी टळली ते घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून ते संपल्यावर वर्षभरापर्यंत नूतनीकरण होतं. त्यापुढं गेलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखलाही जोडावा लागतो. नूतनीकरणातच स्मार्ट कार्ड करून घ्या.

त्या वेबसाइटचा नाद सोडा. परमिट देणं हे आपल्याकडे आरटीओचं काम आहे, आणि तुमच्या गावात एमएच-४४ चं कार्यालय असताना घरपोच कशाला हवं? ‘सारथी’ या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, नमुना ४ए. सरकारी शुल्क १,००० रुपये. मूळ लायसन्स, पासपोर्ट, फोटो, आणि मागितलं तर व्हिसा-तिकिटाच्या प्रती असं एकाच फायलीत ठेवा. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार हे परमिट निघतं आणि २०२२ च्या नियमानुसार ते क्यूआर कोडनं लायसन्सशी जोडलेलं असतं. मुदत एक वर्ष, किंवा लायसन्स आधी संपत असेल तर तेवढीच. म्हणून आधी लायसन्स, मग परमिट, हा क्रम उलटा करू नका. वेबसाइटवर जे रंगीत कार्ड मिळतं ते छान दिसतं, पण पोलिसानं किंवा विमा कंपनीनं विचारलं तर त्याला किंमत नाही. आणि परमिट खरं असलं तरी ते एकटं चालत नाही. मूळ लायसन्स सोबत लागतंच. मोबाइलमधल्या प्रतीवर विसंबू नका, काउंटरवर मूळ कार्डच मागतात.

दुसऱ्या देशांत जाणाऱ्या वाचकांसाठी इथंच सांगून टाकते. ब्रिटनमध्ये पर्यटकाला भारतीय लायसन्सवर १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. जपानला १९४९ च्या कराराचंच परमिट लागतं. आपलं ते तसंच आहे, पण ते निघण्याआधी काढलेलं हवं. इटलीत लायसन्सबरोबर परमिट किंवा अधिकृत भाषांतर हवं. दुबईत फिरायला गेलेल्या भारतीयाला परमिट लागतं आणि तिथं नोकरीला राहणाऱ्याला ते चालत नाही, त्याला तिथलंच लायसन्स काढावं लागतं. मराठवाड्यातली कितीतरी मुलं आखातात आहेत. आईवडील भेटायला गेले की “पप्पा, तुम्हीच चालवा” म्हणून ती किल्ली हातात देतात. ती घेण्याआधी परमिट आहे का आणि त्या गाडीच्या विम्यात आपण बसतो का, दोन्ही विचारा. शिवाय दुबईत, इटलीत, अमेरिकेत गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते. तीस वर्षांची सवय तिथं मदतीला येत नाही, वळणावर तीच आडवी येते. न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखीच डावी बाजू आहे, तेवढी तुमची निवड चांगली.

विम्याबद्दल जरा सावकाश वाचा, कारण तुमच्या घरातला वाद खरं म्हणजे याच्यावरच आहे.

प्रवासाचा विमा आहे, मग दुसरा कशाला? कारण प्रवासाचा विमा हा माणसासाठी असतो: दवाखाना, हरवलेली बॅग, रद्द झालेलं विमान. भाड्याच्या गाडीचं नुकसान त्यात सहसा नसतं. काही पॉलिसींत ‘रेंटल कार एक्सेस’ नावाचं कलम असतं (एक्सेस म्हणजे काय, ते पुढं सांगते). तुमच्या पॉलिसीत तो शब्द आहे का, एजंटाला दाखवायला सांगा, तोंडी ‘हो’ चालणार नाही. घरच्या गाडीच्या पॉलिसीचा तर संबंधच नाही. ती त्या गाडीपुरती आणि भारतापुरती असते. नेपाळ, भूतान, श्रीलंका अशा मोजक्या शेजारी देशांपर्यंत जादा हप्ता भरून ती वाढवता येते, पण तीही आपली गाडी तिकडे नेण्यासाठी.

भाड्याबरोबर जे मिळतं त्याला बहुतेक ठिकाणी कोलिजन डॅमेज वेव्हर म्हणतात. वेव्हर म्हणजे सूट. गाडीचं नुकसान झालं तर ठरावीक रकमेपर्यंत तुम्ही भरायचं आणि त्यावरचं आम्ही तुमच्याकडे मागणार नाही, असं कंपनीचं ते आश्वासन असतं. त्या ठरावीक रकमेला एक्सेस म्हणतात. आपल्याकडे गाडीच्या क्लेममध्ये हजार-दोन हजार सक्तीनं कापून घेतात, तसंच हे, पण आकडा फार मोठा. न्यूझीलंडमध्ये तो काही हजार डॉलर असू शकतो आणि तिथला डॉलर साधारण पन्नास रुपयांच्या घरात आहे. म्हणजे पार्किंगमध्ये दरवाजा चेपला तरी लाखाचा विषय. बरं, चूक समोरच्याची असली तरी चौकशी संपेपर्यंत ही रक्कम बऱ्याचदा आधी तुमच्याकडून घेतात.

ही रक्कम कमी किंवा शून्य करायला जादा पैसे भरायचे, तोच तुमचा ‘जादा विमा’. यजमानांना तो वायफळ वाटतो कारण त्यांना त्यात आपल्या हाताबद्दल शंका दिसते. त्यांना एवढंच सांगा की, खडी उडून काच तडकली तर त्यात हाताचा काय दोष? आणि माझं मत विचाराल तर, चौघांच्या १६ दिवसांच्या खर्चात हा पैसा वाचवू नका. पण घेताना डोळे उघडे ठेवून घ्या. टायर, काचा, गाडीचं छत, खालचा भाग, हरवलेली किल्ली, पेट्रोलच्या गाडीत भरलेलं डिझेल, हे साध्या वेव्हरमध्ये बहुतेकदा नसतं. काही कंपन्यांच्या वरच्या पॅकेजमध्ये यातलं काही येतं. तिथल्या डोंगरांत किआ नावाचा पोपट आहे. तो थांबलेल्या गाडीच्या वायपरचं आणि दरवाजांचं रबर चोचीनं ओढून काढतो. गंमत म्हणून फोटो काढाल आणि नंतर त्याचं बिल बघाल. शून्य एक्सेस घेतला तरी बंदी असलेल्या रस्त्यावर गेलात, दारू पिऊन चालवलीत, किंवा नाव नसलेल्यानं चालवली, तर सगळं संपतं. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि उत्तरेकडचा नाइन्टी माइल बीच ही अशा बंदीची प्रसिद्ध नावं आहेत. कंपनीची यादी मागून घ्या.

बुकिंगच्या वेबसाइटवर स्वस्तात ‘फुल प्रोटेक्शन’ मिळतं, ते बऱ्याचदा परतफेडीचं असतं. म्हणजे काउंटरवर पूर्ण डिपॉझिट अडकतं, नुकसान झालं तर आधी तुमच्या कार्डातून पैसे जातात, मग कागद जोडून तुम्ही त्या वेबसाइटकडून ते मागायचे. ते खोटं नसतं, पण परत आल्यावर ईमेल लिहीत बसायची तुमची तयारी हवी. तुमच्या घरी ते काम कोण करणार, तेही ठरवा.

समोरच्याचं काय? आपल्याकडे थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा. न्यूझीलंडमध्ये तो सक्तीचा नाही. अपघातात जखमी झालेल्यांचा खर्च तिथली एसीसी नावाची सरकारी योजना उचलते, पर्यटकांचाही. पण आजारपण, मोडलेला बेत, घरी परतायचं विमान आणि समोरच्याच्या गाडीची भरपाई त्यात येत नाही. म्हणून प्रवासाचा विमाही हवा, आणि भाड्याच्या करारात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचं कलमही बघून घ्या. अमेरिकेला जाणाऱ्यांनी तर हेच कलम सगळ्यात आधी बघावं. तिथं दर राज्याचा नियम वेगळा आणि दवाखान्याचे, वकिलांचे आकडे आपल्या अंदाजापलीकडचे असतात.

आता क्रेडिट कार्ड, जे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय. डिपॉझिट अडकवायला बहुतेक कंपन्या मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड अनेक ठिकाणी चालत नाही. कार्डावरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव एकच हवं. यजमानांकडे कार्ड नाही, म्हणजे तुमचा आजचा बेत काउंटरवरच अडकला असता: चौघं, सामान, चोवीस तासांचा प्रवास, आणि समोरची मुलगी नम्रपणे नाही म्हणतेय. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डावर परदेशी व्यवहार आपोआप चालू नसतात, ते ॲपमध्ये जाऊन सुरू करा आणि मर्यादाही तपासा. अडकलेली रक्कम सुटायला गाडी परत दिल्यावर काही दिवस लागतात, तेवढी जागा कार्डात ठेवा.

टूरचं म्हणाल, तर त्यात हार मानण्यासारखं काही नाही. पण केवळ बोलायचं टाळायला टूर निवडू नका. मधलाही मार्ग आहे. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड साउंड या डोंगरांमधल्या खाडीला बस जाते. तो दिवस चौघांनीही खिडकीत बसून काढावा. बाकी ठिकाणी गाडी. दोन्ही बेटांवर जाणार असाल तर वेलिंग्टन ते पिक्टन बोटीनं जाताना काही कंपन्या अलीकडे गाडी सोडायला आणि पलीकडे दुसरी घ्यायला सांगतात. ते आधी विचारा. डिझेलची गाडी घेतली तर किलोमीटरप्रमाणे रस्ता कर वेगळा लागतो, भाड्याची तुलना करताना तो धरा. आणि उतरल्या दिवशी गाडी घेऊच नका. विमान बदलत, झोप मोडत पोचलेला माणूस केवढाही तरबेज असो, त्यानं एक रात्र झोपावं आणि सकाळी किल्ली घ्यावी.

तिथले रस्ते बरेचसे दुपदरी आणि वळणाचे आहेत. अंबाजोगाईच्या घाटात चालवणाऱ्याला त्यांचं नवल वाटू नये. नवीन वाटतील ते एकपदरी पूल. तुमच्या बाजूचा बाण लहान आणि लाल दिसला तर थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. गोल चौकात आधीच फिरत असलेल्या गाडीचा हक्क पहिला. आपल्याकडे यातलं डोळ्यांच्या खुणेवर भागतं, तिथं पाटी वाचून भागवायचं.

गाडी ताब्यात घेताना मोबाइलवर सावकाश व्हिडिओ काढा: चारी बाजू, चाकं, काच, छत, इंधनाचा काटा, किलोमीटर. जुना ओरखडा दिसला तर कागदावर लिहून घ्या, मागं रांग असली तरी. परत देताना पुन्हा तेच. काही ठोकलंच तर तिथल्या तिथं पैसे देऊन मिटवायची आपली सवय सोडा. आधी कंपनीला फोन, कुणाला लागलं असेल तर १११ वर.

आता तुमच्या त्या केजच्या वाक्याकडे येते. रोज स्वतः गाडीनं जाते, असं तुम्ही लिहिलंत आणि लगेच पुढं गेलात. पत्रात गाडी कोण चालवणार याच्यावर दोन भावांची चर्चा आहे, तिसरं नाव कुणीच घेतलं नाही. तुम्हीही नाही. पण कागद मांडून बघा. क्रेडिट कार्ड तुमच्या नावावर आहे. रोजचा सराव तुमचा आहे. तुमचं लायसन्स स्मार्ट कार्ड आणि मुदतीतलं असेल, तर मुख्य ड्रायव्हरच्या रकान्यात आज विनाअडचण बसेल असं चौघांत एकच नाव आहे. यजमान आणि दीर जादा ड्रायव्हर म्हणून येतील, मनसोक्त चालवतील, कुणाची हौस बुडत नाही. ‘मी चालवते’ हे म्हणायला जड जात असेल तर ‘कार्ड माझं आहे, त्यामुळे नाव माझं लागतंय’ एवढंच म्हणा. तेही खरंच आहे. आणि एखाद्या दिवशी तेकापोच्या तळ्याकाठच्या सरळ रस्त्यावर दोघे भाऊ मागं झोपले असतील, तेव्हा किल्ली हातात घ्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच आरटीओत जा, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. यजमानांचं नूतनीकरण झालं की दोघांच्या परमिटचे अर्ज बरोबरच भरा. दिरांनाही चला म्हणा. आणि त्या दिवशी तिथपर्यंत गाडी तुम्ही चालवत न्या.